परदेशातल्या समुद्रावर पहिल्यांदा जाताय? आधी कॅलेंडर बघा

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरात एकच विषय सुरू होतो, यंदा कुठे जायचं? मनाली झालं, केरळ झालं, शिर्डी-नाशिक तर दर वर्षीचंच. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं. स्क्रीनवर काचेसारखं निळं पाणी, पांढरी वाळू, लांब शेपटीची लाकडी होडी आणि खाली चार रात्रींच्या पॅकेजचा असा भाव, की गोव्यापेक्षा हेच स्वस्त वाटावं. तुमच्याही घरात सध्या असंच काही चाललं असेल, तर बुकिंगचं बटण दाबण्याआधी हे वाचा. आम्ही ते बटण न वाचताच दाबलं होतं.

आम्ही इंदूरचे. समुद्र आमच्या घरापासून शेकडो किलोमीटर लांब. घरात मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. थायलंडमध्ये फुकेट तीन रात्री आणि क्राबी तीन रात्री असा बेत ठरला. शाळेला सुट्टी म्हणून मेचा शेवटचा आठवडा निवडला. भाव इतका कमी का, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

स्वस्त का असतं?

कारण तो तिथला पावसाळा असतो. फुकेट, क्राबी, फी फी ही सगळी ठिकाणं अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याकडे केरळात पोहोचण्याच्या आसपासच तिथेही पोहोचतात. मे ते ऑक्टोबर हा तिथे पावसाचा आणि खवळलेल्या समुद्राचा काळ. सिमिलन नावाची सुंदर बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच असतात. जाहिरातीतलं निळं पाणी खोटं नसतं, पण ते फोटो नोव्हेंबर ते मार्चमधले असतात.

आपल्या कुटुंबांची अडचण अशी, की मोठी सुट्टी मिळते ती नेमकी मे-जूनमध्ये. यावर उपाय आहे. थायलंडला दोन समुद्र आहेत. पूर्वेकडच्या आखातात कोह सामुई हे बेट आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या सुट्टीत तिथे साधारणपणे कोरडं हवामान आणि शांत पाणी मिळण्याची शक्यता बरीच जास्त. विमानाचं भाडं थोडं जास्त पडेल, पण मुलांना पाण्यात खेळता येईल. फुकेट-क्राबीच हवं असेल, तर नाताळची किंवा फेब्रुवारीतली छोटी सुट्टी साधा. दिवाळी लवकर आली तर पाऊस पुरता गेलेला नसतो, हेही ध्यानात असू द्या. हाच नियम इतर ठिकाणांनाही लागू आहे. बाली असो, श्रीलंका असो की मालदीव, आधी त्या किनाऱ्याचा पावसाळा कधी ते बघा, हॉटेलचे फोटो नंतर. श्रीलंकेत तर पश्चिम आणि पूर्व किनाऱ्याचे ऋतू एकमेकांच्या उलट आहेत.

कागदपत्रांत घरच्या बाईचं नाव तपासा

गेल्या काही वर्षांत थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय येऊ दिलं आहे. मात्र किती दिवसांसाठी, हा नियम बदलत राहिला आहे. म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. शेजारच्या काकांनी गेल्या वर्षी काय केलं, त्यावर जाऊ नका. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने उरलेली हवी. इथे गडबड होते ती मुलांची. आपला पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा मात्र पाचच वर्षांचा. आपला चालतोय म्हणजे त्यांचाही चालतोय, असं आपण धरून चालतो.

दुसरी गडबड आपल्या बायकांची. लग्नानंतर आधार कार्डावर एक नाव, पासपोर्टवर माहेरचं आणि बँकेत तिसरंच. तिकिटावर अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणे नाव हवं. नवऱ्याने घाईत तिकीट काढताना तुम्हाला ज्या नावाने तो ओळखतो, ते टाकलं नाही ना, हे स्वतः बघा.

१ मे २०२५पासून थायलंडमध्ये शिरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड भरणं सक्तीचं झालं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, अगदी सहा वर्षांच्या मुलीचंसुद्धा. ते पूर्ण मोफत आहे. इंटरनेटवर शोधायला गेलात की वर वर दिसणाऱ्या काही साइट्स याच कामाचे पैसे मागतात. मी माणशी पैसे भरायला कार्ड काढून बसले होते, तेव्हा मुलाने विचारलं, "आई, सरकारी साइटच्या नावात असं काही असतं का?" सहलीत पहिला फायदा त्याचा झाला.

परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून घ्या. इमिग्रेशनच्या खिडकीत ते विचारू शकतात आणि मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. ट्रॅमाडॉल आणि कोडीनसारख्या वेदनाशामकांवर तिथे कडक नियम आहेत, म्हणून सांधेदुखीच्या गोळ्यांत काय आहे, ते डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. ई-सिगारेट तर तिथे बंदीच आहे. घरातल्या तरुण मंडळींच्या बॅगेवर एकदा नजर टाकलेली बरी.

पैसे

एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये, असा हिशेब डोक्यात ठेवा. थोडी रोकड इथूनच घ्या, कारण होडीवाला, नारळवाला आणि छोटी खानावळ रोखच मागतात. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले, की दर वेळी दोनशेपेक्षा जास्त बाट शुल्क जातं. म्हणून काढायचे तर एकदाच काढा. यंत्र किंवा दुकानदार "रुपयांत घेऊ की बाटमध्ये?" असं विचारतो, तेव्हा बाटच म्हणा. रुपये म्हटलं की दर त्यांचा लागतो आणि तो नेहमी आपल्या तोट्याचा असतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करायला विसरू नका. आम्ही विसरलो आणि पहिल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवर अनामत रक्कम भरताना कार्ड दोनदा नाकारलं गेलं. मागे रांग, कडेवर झोपलेली मुलगी आणि सासूबाईंचा प्रश्न, "पैसे संपले का रे?"

परदेशी टूर पॅकेज घेताना कंपनी टीसीएस म्हणून काही रक्कम कापते. ती बुडत नाही, आयकराच्या विवरणपत्रात तिचा हिशेब मिळतो. पावती जपून ठेवा.

पोटाचं काय?

शाकाहारी कुटुंबांनी थायलंडला जावं का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं आहे. खुशाल जावं, पण "नो मीट" एवढं म्हणून भागत नाही. भाजीतसुद्धा नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस पडतो, चटणीत सुकी कोळंबी असते आणि त्यांच्या दृष्टीने ते मांस नसतं. कच्च्या पपईची कोशिंबीर बघून आपल्याला आनंद होतो, पण तीत हे दोन्ही असतात.

दोन शब्द पाठ करा. एक "जे". पिवळ्या पाटीवर किंवा पताकेवर लाल अक्षरात लिहिलेलं दिसतं. हे बौद्ध पद्धतीचं व्रताचं जेवण. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. सासूबाईंना हे समजलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चातुर्मास परदेशातही पाळता येतो, हा त्यांच्या दृष्टीने सहलीतला सर्वात मोठा शोध. दुसरा शब्द "मांगसाविरात", म्हणजे शाकाहारी, पण यात अंडं येऊ शकतं. "माय साय नाम प्ला" म्हणजे माशाचा सॉस घालू नका. बायकांनी वाक्याच्या शेवटी "खा" जोडायचं, पुरुषांनी "ख्राप". उच्चार चुकले तरी समोरचा हसतो आणि मदत करतो. खात्रीसाठी मोबाइलवर थाई भाषेत लिहून दाखवा.

आओ नांग आणि पातोंगमध्ये भारतीय हॉटेलं ढीगभर आहेत, पण दर रोटीला आपण मनात रुपये मोजत बसतो. चिवडा, दशम्या, मेतकूट, कोरडी चटणी बरोबर न्या, मोठ्या बॅगेत. आणि आंबा घालून खायचा चिकट भात चुकवू नका. आमरस-पोळी खाल्लेल्या माणसाला आंब्याबरोबर भात म्हणजे काय, असं वाटतं. वरून खारट-गोड नारळाचं दूध पडलं की मत बदलतं. निदान आमच्या घरात पाचांपैकी चौघांचं बदललं.

समुद्र, म्हणजे मुख्य गोष्ट

आता जे सांगते, ते नीट वाचा. बाकी काही विसरलात तरी चालेल.

फुकेटच्या करोन किनाऱ्यावर आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. रात्रभर पाऊस पडून गेला होता, पण आता ऊन होतं. लांबलचक वाळू आणि माणसं कमी. पाण्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर लाल झेंडे रोवलेले होते. माझा नवरा क्लबच्या तलावात वीस वर्षं पोहतोय. त्याने झेंड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे नवशिक्यांसाठी असतं. आणि बघ ना, मध्ये कसं शांत आहे."

खरंच शांत होतं. डावीकडे-उजवीकडे लाटा फुटत होत्या, पांढरा फेस उसळत होता आणि मधला एक पट्टा गडद, सपाट, तलावासारखा दिसत होता.

सासूबाईंनी नातवाचं मनगट धरलं. त्यांचं सगळं आयुष्य नर्मदेच्या काठाने गेलेलं. ओंकारेश्वरला घाटावर साखळी धरून डुबकी मारायची, साखळी सोडायची नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्या म्हणाल्या, "अरे, झेंडा काय शोभेला लावलाय? इथे साखळी नाही म्हणून झेंडा आहे." मुलगा रडकुंडीला आला. नवरा हसून पाण्यात शिरला.

तो शांत पट्टाच घातक होता. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात जायला वाट शोधतं आणि जिथे तळ खोल असतो, तिथून जोरात आत ओढलं जातं. या ओढीला इंग्रजीत रिप करंट म्हणतात. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत, म्हणून ते शांत वाटतं. लाटांच्या फेसाळ रांगेत मध्येच एक गडद फट दिसली, किंवा फेस, वाळू, कचरा किनाऱ्यापासून आत जाताना दिसला, तर तिथे पाय ठेवायचा नाही. आम्हाला हे नंतर कळलं.

मी मुलीला सनस्क्रीन लावत होते. मान वर केली तेव्हा नवरा छातीएवढ्या पाण्यात होता. पुन्हा पाहिलं तेव्हा फक्त डोकं दिसत होतं, आणि ते लहान होत होतं. तो किनाऱ्याकडे हात मारत होता आणि मागे जात होता. शिट्टी वाजली. जीवरक्षक लाल रंगाचा लांब फुगीर ठोकळा घेऊन पळत गेला, पण सरळ त्याच्याकडे नाही. आधी बाजूला पळाला, मग पाण्यात शिरला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं असतील. सासूबाई उभ्या होत्या, नातवाचं मनगट हातात, ओठ हलत होते. मला आवाज फुटत नव्हता.

त्याला बाहेर आणलं तेव्हा तो वाळूवर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मी दमलो होतो. अजून थोडा वेळ गेला असता तर..." ते वाक्य त्याने आजवर पूर्ण केलेलं नाही. जीवरक्षकाने पैसे घेतले नाहीत. फक्त झेंड्याकडे बोट दाखवलं, दोनदा.

त्याने नवऱ्याला हातवारे करून जे सांगितलं, ते मी तुम्हाला सांगते. ओढ लागली तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही. कुणीच त्या प्रवाहाला हरवू शकत नाही. माणसं बुडतात ती दमून. आधी पाठीवर तरंगा, श्वास घ्या, हात वर करून मदत मागा. प्रवाह तुम्हाला खाली खेचत नाही, आत नेतो. जोर असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. हा पट्टा बहुधा फार रुंद नसतो. त्यातून बाहेर पडलात की लाटांबरोबर तिरकं परत या. आणि आपलं माणूस ओढलं जाताना दिसलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. जीवरक्षकाला बोलवा, तरंगेल असं काहीतरी फेका. वाचवायला गेलेला माणूसही बुडाल्याच्या बातम्या आपल्या कोकणातूनही दर वर्षी येतात.

झेंड्यांची भाषा पाठ करा. लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही, पायही नाही. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतील, तर त्यांच्यामधल्या जागेवर जीवरक्षकाची नजर आहे, पोहायचं तर तिथेच. संध्याकाळी जीवरक्षक घरी जातात, तेव्हा आपणही पाण्यातून निघायचं. झेंडा नाही आणि जीवरक्षकही नाही, अशा रिकाम्या सुंदर किनाऱ्यावर फोटो काढा, पोहू नका. बिअर घेतली असेल तर मुळीच नाही.

मुलं तुमच्या हाताच्या अंतरावर हवीत, नजरेच्या अंतरावर नाही. फुगवायची हंसं, बदकं हॉटेलच्या तलावात ठीक. समुद्रात वारा ती मुलासकट आत नेतो. पोहण्याचे कपडे घेताना मुलांसाठी निळे, पांढरे टाळा. पाण्यात ते दिसेनासे होतात. भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. आणि मोठ्यांनी सुती कुडता, जीन्स, साडी यांत पाण्यात जायचं नाही. भिजल्यावर त्यांचं वजन पायांत अडकतं. सासूबाईंसाठी मी इंदूरमध्येच लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा आणि लेगिंग्ज घेतल्या होत्या. दुकानात त्यांनी त्या हातात घेऊन परत ठेवल्या होत्या. मी गुपचूप बिल केलं.

त्या दिवसानंतर दोन दिवस कुणीही पाण्याचं नाव काढलं नाही.

होडीत बसताना

फुकेटहून क्राबीला गाडीने साधारण तीन तास लागतात. वाटेतला चुनखडीच्या सुळक्यांचा देखावा डोळे दिपवणारा आहे. आओ नांगहून रायलेला मात्र होडीनेच जावं लागतं. आजूबाजूला कडे असल्यामुळे रस्ताच नाही. लांब शेपटीची ती होडी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचवते. पण कुठल्याही जाहिरातीत एक गोष्ट दाखवत नाहीत. होडी किनाऱ्याला लागत नाही. चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन, छोट्या शिडीवरून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना हे आधी सांगा. चाकांच्या मोठ्या बॅगा वाळूत निरुपयोगी, त्या मुख्य हॉटेलवरच ठेवा. मोबाइल, पासपोर्ट आणि कोरडे कपडे यांसाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्या. ती तिथे जागोजाग मिळते.

स्पीडबोटच्या सहलीत पुढच्या भागात बसायला मजा वाटते, पण लाटेवर आपटण्याचा सगळा मार तिथेच बसतो. कंबरदुखी असेल तर मागे बसा. गरोदर बायकांनी ही सहल टाळावी. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का, ते होडी सुटायच्या आत बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

आणि हवामान बिघडलं म्हणून सहल रद्द झाली, तर भांडू नका. आमची दोनदा रद्द झाली. बाजूचं एक कुटुंब पैशांवरून काउंटरवर आवाज चढवत होतं. ५ जुलै २०१८ रोजी याच फुकेटच्या समुद्रात पर्यटकांची बोट वादळात उलटून ४७ जण गेले. खराब हवामानाचा इशारा तेव्हाही दिलेला होता. रद्द करणारा माणूस तुमचं नुकसान करत नाही, एवढं लक्षात ठेवा. म्हणूनच बेटांची सहल मुक्कामाच्या पहिल्या दिवशीच ठरवा, म्हणजे पुढे ढकलायला दिवस उरतात.

शेवटच्या दिवशी आकाश मोकळं झालं आणि आम्हाला चार बेटांची सहल मिळाली. ओहोटीला तिथे समुद्रातून वाळूची वाट वर येते आणि एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. तिला थले वेक म्हणतात. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून सहल घेताना ते विचारा. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क बऱ्याचदा पॅकेजमध्ये नसतं, तेही विचारा. फी फीकडे जाणार असाल तर माया बे या प्रसिद्ध खाडीबद्दल आधी जाणून घ्या. २०१८मध्ये पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ खराब झाले म्हणून ती बंद केली होती. २०२२मध्ये पुन्हा उघडली, पण आता तिथे पोहता येत नाही आणि दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती बंद असते.

प्रवाळासाठीच आणखी एक नियम आहे. २०२१पासून थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटसारखी रसायनं असलेलं सनस्क्रीन चालत नाही, मोठा दंड आहे. इथून ट्यूब घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. त्याहून सोपं म्हणजे लांब बाह्यांचे कपडे. शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात घालून आणायचे नाहीत, माशांना पाव टाकायचा नाही. मुलांचे खिसे रात्री तपासा. आमच्याकडे तीन निघाले आणि दुसऱ्या दिवशी तिने ते रडत परत ठेवले.

किनाऱ्यावर काही ठिकाणी खांबावर व्हिनेगरची बाटली टांगलेली दिसेल. ती जेलीफिशसाठी. डंख झाला तर चोळू नका, गोडं पाणी टाकू नका, व्हिनेगर ओता आणि जीवरक्षकाकडे जा. माकडांना खाऊ देऊ नका. चावलं किंवा ओरबाडलं तर रेबीजची लस घ्यावी लागते, मग सहल दवाखान्यातच जाते. धावणारा माणूस आणि लाट अशी निळी पाटी म्हणजे त्सुनामीत पळायची दिशा. २६ डिसेंबर २००४ नंतर त्या लावल्या आहेत. हॉटेलात पोहोचलात की मुलांना घेऊन ती वाट एकदा चालून बघा, पाच मिनिटांचं काम. जमीन बराच वेळ हादरली किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर शिंपले बघायला नाही, उंचावर जायचं.

स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. तो नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. पासपोर्ट कुणाकडेही गहाण ठेवू नका, स्कूटरवाल्याकडे नाही आणि जेट स्कीवाल्याकडे तर नाहीच. घेण्याआधी वाहनाचे चारही बाजूंनी फोटो काढा. भांडण झालं तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा आणि एका चिठ्ठीवर लिहून ज्येष्ठांच्या पाकिटात घाला. प्रवास विमा घेताना पाण्यातले खेळ त्यात धरले आहेत का, हे विचारा.

थले वेकच्या वाळूवर त्या दिवशी पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. सासूबाईंनी बॅगेतून तो अंगरखा काढला. कधी ठेवला होता, मला माहीत नाही. नवरा त्यांच्या एका बाजूला आणि नातू दुसऱ्या बाजूला. त्या खाली बसल्या, गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या, ओंजळीत पाणी घेऊन सूर्याकडे तोंड केलं. मग जिभेवर घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, केवढं खारट आहे हे!" सदुसष्ट वर्षांत त्यांनी समुद्राचं पाणी पहिल्यांदा चाखलं होतं.

परतताना एक शेवटची गोष्ट. बाटच्या नोटा विमानतळावर बदलून मिळतात, नाणी मिळत नाहीत. ती तिथेच पाणी, बिस्किटं यांत संपवा. आमच्याकडे दहा बाटची दोन नाणी राहिली. ती आपल्या दहा रुपयांसारखीच दोन रंगांची दिसतात. सासूबाईंनी ती आठवण म्हणून बटव्यात ठेवली होती. पुढच्या आठवड्यात भाजीवाल्याने त्यातलं एक उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाला, "माताजी, हे कुठलं?" मेथीची जुडी हातात तशीच धरून त्या अर्धा तास त्याला समुद्राबद्दल सांगत होत्या.